दगड लागेपर्यंत

शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाले मेहसाण्याहून.
आज बुधवार.
मी दिंडोरी रोडला एका द्राक्षबागेच्या बांधावर
तीनशे ऐंशी फुटांवर आहे
आणि अजून नुसता फुफाटा येतोय.

अकरा वर्षं हेच.
कॉम्प्रेसर सुरू झाला की कान आपले राहत नाहीत,
संध्याकाळी वैजू जे बोलते
ते मी तिच्या ओठांवरून वाचतो.
एकदा म्हसरूळच्या टपरीवर, बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला :
आजवरची सगळी भोकं एकाखाली एक लावली
तर सुरत ओलांडून जाईन.
फक्त उभा.

फॉर्मवर रकाना आहे : अनुभव, मीटरमध्ये.
मी फुटांचा माणूस.

केदा अहिरे अठरा साली गेला, बाडमेरकडे.
चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी,
पगार इथल्या तिप्पट. सटाण्यात स्लॅब पडला.
मग वीस साल आलं,
तेल एके दिवशी फुकटाच्याही खाली गेलं म्हणे,
आणि रिग आडवी करून वाळूत निजवली.
केदा आता पाथर्डी फाट्यावर
दुसऱ्याचा टेम्पो चालवतो.
फोन केला. म्हणाला, "जा."
मागे रिव्हर्सचा भोंगा वाजत होता.
"जा, पण पहिल्या दोन वर्षांत
वरचा मजला काढू नको."

मेहुणा म्हणतो, जग बॅटरीवर चाललंय,
तू कुठं निघालास तेलात?
तो अंबडला पिस्टनच्या रिंगा तपासतो.
त्यालाही हल्ली झोप नाही.

भाऊराव पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून चालतो,
झऱ्यावर आला की नारळ उभा राहतो.
चुकला तरी आमचं काही जात नाही,
फुटाचा भाव ठरलेला, पाणी लागो न लागो.
हे कळायला मला फार वर्षं लागली :
मी पाणी विकत नाही, खोली विकतो.
तिकडंही तेच असणार.
मग भाव पडला की आधी आम्हीच का पडतो
हे मुलाखतीत विचारायचं राहून गेलं.

परवा रात्री सगळे झोपल्यावर
मी ऑफरचा कागद फरशीवर ठेवला,
देव्हाऱ्यातला नारळ तळहातावर घेतला
आणि कागदाभोवती दोन फेऱ्या मारल्या.
वैजू पाणी प्यायला उठली होती.
काही बोलली नाही.
नारळ माझ्या हातातून घेतला,
सकाळी त्याची चटणी होती.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही.
सोलंकीसाहेब सांगत होते, तिकडं वर गाळ,
मग वाळू, मग चिकणमाती, मग पुन्हा वाळू,
हजार मीटर, दोन हजार, कुठं त्याहून जास्त,
आणि सगळ्यांत शेवटी काळा दगड लागतो.
"ट्रॅप. तुमच्याकडचाच.
तो लागला की बहुतेक वेळा आम्ही काम थांबवतो."

म्हणजे हा इथला,
ज्यानं माझे इतके बिट खाल्ले,
ज्याच्यावर चांभारलेणी कोरलीत, माझं जोतं उभं आहे,
तो तिकडंही आहे, परक्या गाळाखाली, अंधारात.
ते जिथं हात टेकतात
तिथून मी रोज सकाळी सुरुवात करतो.
याचा पगाराशी काय संबंध, मला सांगता येणार नाही.
वैजूलाही सांगितलं नाही.

चारशे फूट.
फुफाट्याचा रंग किंचित गडद झाल्यासारखा वाटतो,
की ऊन उतरलं?
बुधराम भोकापाशी वाकलाय, चिमूट उचलून बोटांत चोळतोय,
माझ्याकडं वळून ओरडतोय काहीतरी.
ओठांवर पाणी आणि माती
अगदी सारखीच दिसतात.

मी हात वर करतो :
अजून एक रॉड.